ब्याऐंशी अंशांवर

दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट पातेल्याच्या तळाशी टप्‌ करून पडला, तेव्हा डॉक्टर अजरेकरांनी वाकून थर्मामीटर वाचला.

"ब्याऐंशी," ते म्हणाले. "अक्का, डब्यावर लिहिलंय अगदी तेवढंच."

मी माळ गोमुखीत ठेवली आणि स्टोव्ह बारीक केला. पाणी तापेपर्यंत नुसतं बसून राहायचं तर तेवढा जप होतो, म्हणून गोमुखी मी दुकानातही जवळ ठेवत असे.

थर्मोस्टॅट तपासायची ही आमच्या अप्पांची रीत. तो थंड असतो तोवर त्याची झडप घट्ट मिटलेली असते. त्या झडपेत दोरा अडकवायचा आणि गरम होणाऱ्या पाण्यात त्याला सोडायचं. झडप उघडली की दोरा सुटतो, थर्मोस्टॅट खाली पडतो, आणि त्या क्षणी पाणी किती तापलंय ते बघायचं. आम्ही जातीचे तांबट. अप्पांच्या वडिलांपर्यंत सगळ्यांनी हंडे-घागरी ठोकल्या. अप्पांनी कोल्हापुरात उद्यमनगरात जागा घेऊन गाड्यांच्या गळक्या रेडिएटरला डाग द्यायला सुरुवात केली. पुढे दुकान, मागे आम्ही राहायचो. आई लवकर गेली. भालू, माझा धाकटा भाऊ, तेव्हा शाळेत होता. म्हणून अप्पांच्या हाताखाली मी बसले आणि बसले ती बसलेच. लग्नाचं वय दुकानातच गेलं. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली तरी त्यांच्या स्टुलावर मीच बसत होते.

हे अठ्ठ्याऐंशी सालातलं, आश्विनातलं. दसरा होऊन गेला होता, उन्हाचा कडाका होता आणि माझा चातुर्मास चालू होता.

डॉक्टर अजरेकर डोळ्यांचे डॉक्टर. राजारामपुरीत त्यांचा दवाखाना. त्यांच्याकडे वडिलांनी घेतलेली दोन दारांची, टपाशिवायची विलायती स्पोर्ट्स गाडी होती. पंचवीस-तीस वर्षांची असेल. रंग मोरपिशी. त्या रविवारी गावातल्या जुन्या गाड्यांनी मिळून पन्हाळ्यावर जायचं ठरलं होतं, आणि ती गाडी चढ लागला की तापायची. रेडिएटर मी उतरवून, आतला गाळ काढून, पुन्हा जोडून दिला होता. डॉक्टरांच्या पाहुण्यांनी परदेशातून एक विजेवर चालणारा पंखा आणून दिला होता. त्याच्याबरोबर एक लहानशी डबी होती. डबीवर बटण. ते फिरवून पंखा किती अंशांवर सुरू व्हावा ते ठरवायचं. थर्मोस्टॅट तीन आले होते. एक एकाहत्तरला उघडणारा, एक ब्याऐंशीला आणि एक अठ्ठ्याऐंशीला.

डॉक्टरांच्या मुंबईच्या मित्राने सांगितलं होतं, आपला देश गरम, एकाहत्तरचा टाका. डॉक्टरांना ते पटत होतं, पण मला विचारल्याशिवाय ते काही करणार नव्हते. तसा त्यांचा स्वभाव होता. चष्म्याचा नंबर काढताना माणूस विचारतो ना, आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं, तसं ते सगळ्यांनाच विचारत.

मी त्यांना अप्पांचंच सांगितलं. थर्मोस्टॅट इंजिनाला थंड ठेवत नाही. इंजिन ठरलेल्या उबेखाली राहू नये, तेवढं तो बघतो. वरचा ताप उतरवायचं काम रेडिएटरचं आणि पंख्याचं. रेडिएटर कमी पडला तर एकाहत्तरचा टाकला काय नि अठ्ठ्याऐंशीचा टाकला काय, चढावर पाणी उकळणारच. दूध उतू जाईल म्हणून कुणी चूल अर्धीच पेटवत नाही. इंजिनाला त्याची ऊब लागते, नाहीतर तेल जड राहतं आणि आतली झीज होते. म्हणून मधला बरा. आणि पंखा त्याच्या वर आठ-नऊ अंशांनी सुरू व्हायला हवा. खाली ठेवला तर थर्मोस्टॅट उघडायच्या आधीपासून पंखा फिरत बसेल आणि कधी थांबायचाच नाही. या गाडीचा डायनमो जुना, तो दमेल.

मी डबीवरचं बटण एक्याण्णववर आणलं. बटणावरची खूण नीट दिसत नव्हती म्हणून कुंकवात तेलाचा थेंब घालून तिथे टिकली लावली.

"आणि हा परकर कशासाठी?" डॉक्टरांनी विचारलं.

त्या गाडीच्या थर्मोस्टॅटला खालून पितळी पट्टीचा घेर असतो. अप्पा त्याला परकरवाला म्हणत. ट्रकच्या इंजिनात तो नसतो. या इंजिनातून गरम पाण्याला बाहेर पडायला दोन वाटा असतात. एक मोठी, रेडिएटरकडे. दुसरी लहान, वळसा घालून परत इंजिनातच. थर्मोस्टॅट उघडला की तो परकर खाली सरकतो आणि लहान वाट बुजवतो. मग सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. मी हे सांगत असताना भालू दारात येऊन उभा होता. त्याच्या कानावर शेवटचं वाक्य गेलं की नाही, हे मला पुढे कितीतरी वर्षं कळलं नाही.

भालू सत्तावीस वर्षांचा. हात चांगला. तीन वर्षं सांगलीत ट्रकच्या गॅरेजमध्ये काम करून आलेला. तिथे थर्मोस्टॅट म्हणजे कचरा. गाडी तापली की पहिल्यांदा तोच काढून फेकायचा, आणि ट्रकला ते चालूनही जातं.

तो हसला आणि म्हणाला, "डॉक्टर, अक्काचं गणित पोथीतलं आहे. ऐकायला गोड. मी सांगतो, तो खुळखुळा काढून टाका आणि पंखा डायरेक्ट करा. चावी फिरवली की पंखा सुरू. पन्हाळा काय, आंबा घाट चढवा."

डॉक्टर हसले. म्हणाले, तुमच्या अप्पांनी माझ्या वडिलांची गाडी बघितली, आता अक्का म्हणतील तसं करू. रविवारी गाडी नीट चढली तर बाकीच्या आठ जणांनाही इकडेच पाठवतो. आणि पाटीवर अक्कांचं नाव घाला, असंही बोलून गेले. त्यांच्या दृष्टीने ते नुसतं कौतुक होतं.

ते गेल्यावर भालू बराच वेळ बोल्टचे पाने पुसत बसला. मग माझ्याकडे न बघताच बोलला.

"इचलकरंजीची माणसं गुरुवारी माझं लग्न ठरवायला येणार आहेत. मुलगी पसंत पडल्यातच जमा आहे. त्यांनी परवा वाटेवरून जाताना तुला बघितलं. मधल्या माणसाला विचारलं, दुकानात रेडिएटरवर बसलेली ती बाई कोण."

"मग?"

"मग काय. या गाडीपुरतं बस. सोमवारपासून दुकानात दिसायचं नाही. घरात देव आहे, तुळस आहे, पोथ्या आहेत. तुला काय कमी आहे?"

आवाज चढवून बोलणं मला कधी जमलं नाही, आणि आळीतल्या बायका त्याबद्दल मला नावाजत. मी पातेल्यातलं पाणी ओतलं, ब्याऐंशीचा थर्मोस्टॅट बसवला, बोल्ट आवळले. अप्पांचं स्टूल फडक्याने पुसलं. रात्री पोथी वाचताना एकच ओवी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा अर्थ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. चातुर्मासात माझे तीन नेम असत. पहाटे तुळशीला अकरा प्रदक्षिणा, दिवसातून एकदाच जेवण, आणि ते जेवण मौनाने. पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. चुकून शब्द निघाला तर ताट सोडून उठायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यावर राहायचं. भालूला हे लहानपणापासून माहीत. आईही तसंच करायची. माझ्या पानाशी तो स्वतःहून येऊन बसे, काय हवं नको बघे. मी बोटाने दाखवायचं आणि त्याने वाढायचं. बाकी कितीही वाजलं तरी ही एक गोष्ट त्याने कधी चुकवली नाही.

स्वयंपाकघराचं दार मागच्या अंगणात उघडतं. गाडी तिथेच उभी होती. मी पानावर बसले तेव्हा भालू तिच्या उघड्या बॉनेटमध्ये वाकलेला होता. दोन बोल्ट काढल्याचा आवाज आला. नंतर पाणी सांडल्याचा. मग त्याने पंख्याची वायर कापली आणि डबी वगळून परस्पर चावीला जोडली. हे सगळं मला पानावरून दिसत होतं. वरणभात झाला होता, भाजी झाली होती.

तो हात पुसत आत आला. चिमटीत थर्मोस्टॅट होता, अजून ओला. त्याने तो माझ्या पानासमोर जमिनीवर ठेवला.

"घे. देव्हाऱ्यात ठेव. त्या डबीला कुंकू लावलंच आहेस."

मग स्वतःच जरा शरमला. पाटावर टेकला. त्याचा आवाज खाली आला, अगदी लहानपणी पाढा विसरला की यायचा तसा.

"डॉक्टरांना आधी सांगत नाही. आत्ता एकदा वर जाऊन येतो, चढली की सांगतो. चढेल गं. ट्रकला चढतंच की." तो थांबला. "यात ट्रकपेक्षा काही वेगळं नाही ना, अक्का? ते परकराचं तू काय म्हणत होतीस?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने लगेच हात वर केला.

"नको, नको. बोलू नकोस. ताटावरून उठशील आणि उद्यापर्यंत उपाशी राहशील. आल्यावर सांग." आणि नेहमीसारखं विचारलं, "ताक?"

मी वाटीकडे बोट केलं. त्याने ताक वाढलं. गाडीची चावी खुंटीवरून घेतली आणि तो गेला. गाडी सुरू झाली तेव्हा पंख्याचा आवाज पहिल्यापासूनच येत होता.

मी ताक प्यायले, आचवले, ताट घासलं. थर्मोस्टॅट उचलून पुसला आणि देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवला. शनिवारचं मारुतीचं स्तोत्र म्हणायला बसले. ते माझं अकरा वेळा म्हणून झालं.

चारच्या सुमारास डॉक्टरांच्या दवाखान्यातला माणूस सायकलवरून आला. म्हणाला, चला लगेच.

पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या वरच्या चढाला गाडी उकळली होती. तसं होणारच होतं. परकर नाही, म्हणून लहान वाट सताड उघडी. पाणी रेडिएटरचं तोंड न बघताच परत परत इंजिनात फिरत राहिलं. पंखा बिचारा गार रेडिएटरवर वारा घालत होता. भालूने रेडिएटरला हात लावून बघितला असणार. तो फारसा गरम नव्हता, म्हणून त्याला वाटलं गाडीतल्या तापमानाच्या काट्याचं काहीतरी चुकलंय. त्याने फडकं धरून झाकण फिरवलं. इंजिनात कोंडलेली वाफ आणि उकळतं पाणी त्याच्या तोंडावर आलं.

एका ट्रकवाल्याने त्याला खाली आणलं. शुद्धीवर होता, डॉक्टर अजरेकरांचं नाव त्यानेच सांगितलं.

मी गेले तेव्हा त्याच्या तोंडाला पट्ट्या होत्या. ओठ तेवढे उघडे होते. डॉक्टर हात धुऊन बाहेर आले आणि मला बाकावर बसायला सांगून स्वतः उभेच राहिले. उजवा डोळा गेल्यात जमा आहे म्हणाले. डाव्याचं पंधरा दिवसांनी कळेल, पण फार आशा धरू नका. गाडीबद्दल ते बोलले नाहीत. इंजिनाचं हेड तडकलं होतं हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. ती गाडी पुन्हा आमच्या दुकानात आली नाही. बाकीच्या आठही आल्या नाहीत.

आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी भालूची नाडी बघितली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, कारण त्यांना खरंच कळत नव्हतं.

"अक्का, काल मला इतकं समजावून सांगितलंत. थर्मोस्टॅट काढला तर काय होईल हे त्याला सांगितलं नाहीत?"

मी तोंड उघडायच्या आत पट्ट्यांमधून भालूचा आवाज आला.

"ती जेवत होती, डॉक्टर. तिचं मौन असतं. मीच नको म्हटलं."

डॉक्टरांनी मान खाली घातली, देवळात घालतो तशी. माझ्या व्रताला घातली. नर्सबाईंनीही माझ्याकडे बघून हात जोडल्यासारखं केलं. मी तिथे उभी होते आणि मला कुणीतरी एक मुस्काटात मारावी असं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी डाव्या डोळ्याची पट्टी निघाली. उजेड आणि अंधार एवढाच फरक त्याला कळतो. इचलकरंजीची माणसं गुरुवारी आली नाहीत, नंतरही आली नाहीत. अपघातानंतरच्या सोमवारी दुकान बंद होतं. मंगळवारी मी उघडलं. उघडायला दुसरं कुणी नव्हतंच.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पाटीवर माझं नाव आहे. ते भालूनेच घालायला लावलं. म्हणाला, डॉक्टर म्हणत होते ना. अप्पांच्या स्टुलावर मी बसते आणि शेजारी खुर्चीवर तो बसतो. थर्मोस्टॅट तपासायला आला की दोरा त्याच्या हातात देते. त्याला दिसावं लागत नाही. दोरा हलका झाला की तो म्हणतो, "पडला." मी थर्मामीटर वाचते. त्याची बोटं कधी चुकत नाहीत. गिऱ्हाइकं म्हणतात, बहीणभावाची जोडी बघावी.

कार्तिकी एकादशीला चातुर्मासाच्या नेमाचं उद्यापन करतात. ज्याचं मौन असेल त्याने देवळात घंटा द्यायची, ब्राह्मणाला जेवू घालायचं आणि नेम सोडायचा. त्या वर्षी मी उद्यापन केलं नाही. पुढच्याही वर्षी नाही. आता बारा महिने माझं जेवण मौनानेच होतं. आळीत नव्या आलेल्या सुना पाया पडायला येतात. सासवा त्यांना सांगतात, भावाचे डोळे गेले तरी यांनी नेम मोडला नाही.

मागच्या वर्षी भजनी मंडळातल्या एका मुलीने मला साधा प्रश्न विचारला. तिला नेम धरायचा होता. म्हणाली, अक्का, जेवताना काही सांगायचंच झालं तर काय करायचं? मी तिला सांगितलं, मौन जिभेचं असतं. हात बांधलेले नसतात. खूण केली तर चालते.

इतकी वर्षं मी हे कुणाला म्हणून बोलले नव्हते.

खूण चालते. ताकाच्या वाटीकडे केली तशी थर्मोस्टॅटकडे करता आली असती. तो वाटीपासून वीतभर अंतरावर पडला होता. बोट उचललंच होतं. त्याच बोटाने त्या पितळी परकराला हात लावून मी नुसती मान हलवली असती तर भालू उठून अंगणात गेला असता आणि दोन बोल्ट परत आवळून आला असता. बोलून उठायचीही गरज नव्हती. आणि उठले असते तरी काय बिघडलं असतं? जेवण झालंच होतं माझं. पानात ताकाखेरीज काही उरलं नव्हतं. मला वाटलं होतं, गाडी उकळेल, रस्त्यात बंद पडेल, तो मान खाली घालून डॉक्टरांसमोर उभा राहील, आणि सोमवारी मला दुकानात ये म्हणेल. त्याच्या डोळ्यांचा विचार माझ्या मनात नव्हता. एवढंच म्हणू शकते. तुळशीपुढे हे रोज म्हणते. तुळस ऐकून घेते.

भालूला मी हे सांगितलेलं नाही. दोनदा सांगायला म्हणून बसले. एकदा तो मला सांगत सुटला की परकराचं तू डॉक्टरांना सांगत होतीस ते मी दारातून ऐकलं होतं, पण समजलं नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. दुसऱ्यांदा त्याने माझा हात धरून म्हटलं, अक्का, त्या दिवशी तू मौनात नसतीस तर मला वाचवलं असतंस, एवढं मला माहीत आहे.

आजही मी पानावर बसले की तो भिंतीला हात लावत लावत येतो. पाटावर टेकतो. ताकाचं भांडं त्याच्या मांडीवर असतं.

"सावकाश जेव," म्हणतो. "मी काही बोलत नाही." आणि थोड्या वेळाने विचारतो, "ताक?"

मी बोट दाखवते. ते त्याला दिसत नाही. मग मी वाटीवर नखाने दोनदा वाजवते, आणि तो त्या आवाजाच्या दिशेने भांडं वाकवतो. एक थेंब बाहेर सांडत नाही.